मेजवानीतला बर्फ आणि वितळण्याचा आराखडा

कॅटररच्या अल्बममधलं बर्फाचं शिल्प नेहमी पाहुणे यायच्या आधीचं असतं. हंसाची मान ताठ, पंखावरची प्रत्येक रेघ उठून दिसणारी, खालून दिवे सोडलेले. त्याच हंसाचं रात्री साडेदहाचं छायाचित्र अल्बममध्ये सापडत नाही. शिल्प चांगलं होतं की नाही हे ठरवायचं, तर ते दुसरं छायाचित्र पाहायला हवं. मेजवानीतलं बर्फशिल्प तीन-चार तास लोकांसमोर उभं असतं आणि त्या सगळ्या वेळात त्याचा आकार बदलत असतो. संगमरवर कोरणाऱ्याला एका आकाराचा विचार करायचा असतो. बर्फ कोरणाऱ्याला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या आकारांचा विचार एकदमच करावा लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की या कलेत रेखाटायचं असतं ते वितळणं. पहिल्या मिनिटाचा आकार ही त्याची फक्त सुरुवात.

मुंबई-पुण्याचे स्वागत समारंभ, कंपन्यांच्या मेजवान्या, गोव्यातली समुद्रकाठची लग्नं, या सगळीकडे हा प्रकार आता ओळखीचा झाला आहे. यजमान त्यावर बरा पैसा खर्च करतात. तरी तो निवडताना चर्चा होते ती हंस की मोर, नावाची आद्याक्षरं की कंपनीचं बोधचिन्ह, एवढीच. बर्फ कुठला, हॉल कसा, जेवण किती वाजता, पाणी कुठे जाणार, हे प्रश्न मागे राहतात. शिल्पाचं भवितव्य मात्र त्यांच्यावरच ठरतं.

थंड देशांत भरणारे बर्फाचे महोत्सव आणि मेजवानीतला बर्फ यांची गल्लत करू नये. चीनमधल्या हार्बिन शहरात १९६३ पासून बर्फाच्या कंदिलांची जत्रा भरू लागली आणि १९८५ पासून तिथे दरवर्षी मोठा महोत्सव होतो. सोंगहुआ नदी गोठली की तिच्यातून लाद्या कापून काढतात आणि त्यांचे मनोरे रचतात. जपानमधल्या साप्पोरोच्या महोत्सवाची सुरुवात १९५० मध्ये शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत केलेल्या हिमाच्या सहा पुतळ्यांपासून झाली. अलास्कातल्या फेअरबँक्सला जगभरचे कारागीर स्पर्धेसाठी जमतात. या ठिकाणी हवाच शून्याच्या खूप खाली असते, त्यामुळे शिल्पं आठवडेच्या आठवडे टिकतात. तिथलं कौशल्य थोर आहे, पण आपला प्रश्न वेगळा आहे : चोवीस-पंचवीस अंशांच्या हॉलमध्ये, माणसांच्या गर्दीत, गरम जेवणाच्या शेजारी बर्फ उभा करायचा.

या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर इतिहासातली एक प्रसिद्ध मेजवानी उभी आहे. १७४० च्या हिवाळ्यात रशियाची सम्राज्ञी अन्ना इव्हानोव्हना हिने सेंट पीटर्सबर्गमध्ये नेव्हा नदीच्या बर्फाचा महाल बांधून घेतला. वास्तुकार प्योत्र येरोप्किन. लाद्यांच्या मधे पाणी ओतून ते गोठवत भिंती सांधल्या होत्या. आत पलंग, उशा, घड्याळ, सगळं बर्फाचं. बाहेर बर्फाचा हत्ती होता. दिवसा त्याच्या सोंडेतून पाणी उडायचं आणि रात्री पेटता नाफ्था. बर्फाच्या तोफांमधून खरी दारू भरून गोळे डागले गेले. तिथल्या विज्ञान अकादमीतले गेऑर्ग वोल्फगांग क्राफ्ट यांनी या सगळ्याचं सविस्तर वर्णन आराखड्यांसह लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. ज्या समारंभासाठी हे केलं तो मात्र क्रूर होता. मर्जीतून उतरलेल्या प्रिन्स गोलित्सिन याला विदूषक बनवून, बुझेनिनोवा या काल्मिक दासीशी त्याचं लग्न लावून, दोघांना त्या बर्फाच्या पलंगावर रात्र काढायला लावली. कारागिरी अस्सल होती. तिचा वापर माणसांना अपमानित करण्यासाठी झाला. या कलेच्या इतिहासातून ही गोष्ट वगळता येत नाही.

आज ज्या अर्थाने आपण मेजवानीतलं बर्फशिल्प म्हणतो त्याची प्रसिद्ध कथा लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातली आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा कॉव्हेंट गार्डनमध्ये वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'मध्ये गात होत्या. त्या ऑपेरात नायक हंसाने ओढलेल्या नावेतून येतो. सॅव्हॉयचे मुख्य आचारी ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी त्यांच्यासाठी बर्फाचा हंस कोरवला, त्याच्या पंखांच्या मधे चांदीच्या भांड्यात व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवले आणि वर साखरेच्या तारांची जाळी घातली. रास्पबेरीचा रस त्यांनी नंतर जोडला आणि 'पीच मेल्बा' हे नाव पक्कं झालं. पदार्थ जगभर गेला, हंस मागे पडला. पण डिझाइन म्हणून पाहिलं तर त्या हंसात सगळं होतं. त्याला प्रसंगाशी जोडणारा अर्थ होता. त्याला काम होतं, आइस्क्रीम थंड ठेवण्याचं. आणि पदार्थ टेबलावर येऊन संपेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढंच त्याचं आयुष्य अपेक्षित होतं. आजच्या बहुतेक शिल्पांत या तिन्हींपैकी एखादी तरी गोष्ट सुटलेली असते.

मुंबईचा बर्फाशी संबंध त्याहून जुना आहे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचं जहाज १८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचलं आणि पुढच्याच वर्षी तो बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळालं आणि त्यानंतर यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. पुढे १८४३ च्या सुमारास गोदीजवळ बर्फ साठवायची खास इमारतही उभी राहिली. शिल्पाच्या दृष्टीने त्या बर्फाची एक गोष्ट महत्त्वाची आहे. तळ्याचा बर्फ नितळ असायचा, कारण तळं वरून खाली, एकाच दिशेने गोठतं. पाणी गोठताना आपल्यातली हवा आणि क्षार बाहेर ढकलत जातं. दिशा एकच असेल तर ही सगळी अशुद्धी खालच्या पाण्यात निघून जाते आणि वरचा बर्फ आरपार दिसतो.

आपल्या कारखान्यातली लादी नेमकी उलट गोठते. पत्र्याच्या उंच डब्यात पाणी भरून तो डबा शून्याखाली आठ-दहा अंशांच्या मिठाच्या पाण्यात सोडतात. गारवा चारी बाजूंनी एकदम आत शिरतो, हवा आणि क्षार मध्यभागी कोंडले जातात आणि लादीच्या पोटात पांढरा गाभा तयार होतो. मासळीच्या खोक्यांत हा बर्फ फोडून घालायचा असतो तेव्हा गाभ्याने काहीच बिघडत नाही. शिल्पात मात्र तो गाभा डोळ्यांवर येतो, आणि बुडबुड्यांनी भरलेला असल्याने कोरतानाही ठिसूळ निघतो. जे कारखाने काळजी घेतात ते डब्यात हवा सोडून पाणी ढवळत ठेवतात आणि शेवटी मधलं गढूळ पाणी उपसून तिथे ताजं पाणी भरतात. त्याने फरक पडतो, पण गाभ्याची खूण उरतेच.

शिल्पासाठीची खास यंत्रं तळ्याची युक्ती उलटी करून वापरतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बनणारं क्लाइनबेल यंत्र यातलं सर्वांत परिचित. त्यात गारवा फक्त तळातून दिला जातो आणि वरचं पाणी छोट्या पंपाने सतत हलतं ठेवलं जातं. बर्फ खालून वर चढत जातो, अशुद्धी वरच्या पाण्यात साचते आणि शेवटी तो थर काढून टाकतात. एक लादी व्हायला तीन-चार दिवस लागतात. ती साधारण १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि २५ जाड असते. धंद्यात तिला ३०० पौंडी म्हणतात, प्रत्यक्ष वजन त्याहून थोडं कमी, साधारण ११५ ते १२० किलो. हे माप लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मेजवानीतल्या शिल्पांची बरीचशी चित्रभाषा त्यातूनच आली आहे. जाडी फक्त २५ सेंटिमीटर असल्यामुळे बाजूने ओळखू येणारे आकार सोयीचे ठरतात : हंस, मासा, गरुड, घोड्याचं डोकं, फुलदाणी, हृदय. समोरून पाहायचा माणसाचा चेहरा किंवा पसरलेला पिसारा एका लादीत नीट बसत नाही. त्याला जोड द्यावे लागतात, आणि जोड म्हणजे वितळताना दगा देणारी जागा.

आता उष्णतेकडे वळू, कारण डिझाइनचा कणा तोच आहे.

शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १२० किलोच्या लादीला सुमारे ११ युनिट विजेइतकी. ही मोठी रक्कम आहे आणि तिच्यामुळेच बर्फाचं शिल्प मेजवानीत मुळात शक्य होतं. वातानुकूलित हॉलमध्ये, पंख्याचा झोत नसताना, शिल्पाचा पृष्ठभाग तासाला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर मागे सरकतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आकडा लहान वाटतो, पण तो प्रत्येक उघड्या बाजूने लागू होतो. हंसाची मान पाच सेंटिमीटर जाड ठेवली आणि तासाला एक सेंटिमीटर गेला, तर दोन्ही बाजू मिळून अडीच तासांत ती संपते. तुटते त्याच्याही आधी. तीच मान दहा सेंटिमीटरची असती तर जेवणाच्या शेवटापर्यंत टिकली असती. सुरुवातीला थोडी जाड, जरा अवजड दिसणारी मान दुसऱ्या तासाला डौलदार होते. अनुभवी कारागीर ती तशी ठेवतो आणि पहिल्या तासातली टीका ऐकून घेतो.

आपल्याकडे याहून मोठा शत्रू दमटपणा आहे, आणि त्याचा विचार फार कमी होतो. थंड पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो तसा बर्फावरही हवेतल्या बाष्पाचा थर सतत जमत असतो. एक किलो वाफ थंड होऊन पाणी होताना सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता सोडते, म्हणजे साडेसात किलो बर्फ वितळेल इतकी. हिशेब मांडून पाहा. मे महिन्यातली मुंबई, ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता : इथे वाफेने आणलेली उष्णता हवेच्या थेट उष्णतेपेक्षाही जास्त भरते. त्याच महिन्यातलं दुपारचं पुणे, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता : वाफेचा वाटा हवेच्या वाट्याच्या जेमतेम एक तृतीयांश. दोन्ही ठिकाणी सावली आणि सारखाच वारा धरला, तर पारा पाच अंशांनी कमी असूनही मुंबईत बर्फ लवकर वितळतो. समुद्रकाठच्या लॉनवर हाच हिशेब आणखी बिघडतो, कारण तिथे वारा असतो आणि वारा दर क्षणाला ताजी दमट हवा आणून बर्फावर आदळतो. नागपूरच्या उन्हाळी लग्नात शिल्पाशेजारी कूलर ठेवणं तर सरळ चूक आहे. कूलर माणसाला गार करतो, पण बर्फाच्या वाट्याला त्याचा वारा आणि ओलावा दोन्ही येतात.

याउलट डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची किंवा नाशिकची संध्याकाळ ही आपल्याकडची सर्वांत चांगली वेळ. हवा कोरडी, पारा वीसच्या खाली. या हंगामात उघड्या लॉनवरही शिल्प पाच तास शोभतं. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात मी तरी बंद, वातानुकूलित जागेशिवाय मोठं शिल्प ठेवा असं कुणाला सुचवणार नाही. तिथे ताटात मावतील एवढे छोटे बर्फाचे पेले, मासळी मांडायची बर्फाची नाव, असे कमी वेळाचे प्रकार अधिक शहाणपणाचे.

वितळण्याची भूमिती एकदा समजली की आकाराबद्दलचे निर्णय बदलतात. टोकं, कडा आणि पातळ भाग आधी जातात, कारण तिथे थोड्या बर्फाला खूप हवा लागते. चेहऱ्याचं नाक आणि ओठ सर्वांत आधी पुसट होतात, म्हणून वर-वधूचे चेहरे किंवा पुढाऱ्याचा मुखवटा बर्फात करणं हे पाहुण्यांसमोर एका माणसाचा चेहरा झिजवणं आहे. ते करू नये, असं मला मनापासून वाटतं. देवांच्या मूर्तींबाबत तर हा विचार दुप्पट करावा. महाशिवरात्रीला अनेक ठिकाणी बर्फाची पिंड करतात ती मात्र आकार म्हणून विलक्षण योग्य आहे. गोलाई असल्यामुळे बर्फाच्या मानाने हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी, झिजायला नाक-डोळे नाहीत, आणि अर्धी वितळली तरी ती पिंडच राहते. मेजवानीसाठी रेखाटणाऱ्याने त्यातून हेच घ्यावं : असा आकार शोधावा, जो लहान होत गेला तरी तोच राहील. शंख, कमळाची कळी, कलश, मासा, लाट हे असे आकार आहेत. आयफेल टॉवर, जाळीदार झरोका, बारीक अक्षरांतली शुभेच्छा हे तसे नाहीत.

पाणी खाली वाहतं हेही विसरून चालत नाही. वरच्या भागातून निघालेला ओघळ ज्या खाचेतून जातो ती खाच खोल होत जाते, आणि शेवटी तळाशी, बैठकीच्या वर, शिल्पाला कंबर पडते. शंभर किलोचं शिल्प पडतं ते बहुधा तिथून. म्हणून बैठक शिल्पाच्या मानाने बोजड वाटावी इतकी जाड ठेवायची, वजनाचा मध्य तिच्या बरोबर वर आणायचा आणि शिल्पातून एक-दोन पन्हाळी कोरून ओघळाला वाट ठरवून द्यायची. हंसाचे पंख मागे वळलेले असतात त्यामुळे पाणी पाठीवरून शेपटीकडे उतरतं. हा आकार शंभराहून जास्त वर्षं टिकला त्याचं कारण केवळ त्याचं सौंदर्य नाही.

हत्यारांचं थोडक्यात. मूळ रेषा कागदावर काढून तो कागद ओला करून लादीला चिकटवतात, तो गोठून बसतो. मोठा भाग विजेच्या चेनसॉने कापतात. शेजारी अन्न येणार असेल तर साखळीला यंत्राचं तेल न घालता खाण्याचं तेल वापरतात. पुढचं काम लांब दांड्याच्या सपाट, गोल आणि त्रिकोणी पटाश्यांचं. अनेक कारागीर यासाठी जपानी घडणीच्या पटाश्या पसंत करतात, कारण त्यांची धार फार तलम असते. शेवटी छोटं ग्राइंडर. जोड देताना दोन्ही पृष्ठभाग कोमट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर फिरवून अगदी सपाट करतात, मधे थोडं पाणी सोडून दाबून धरतात आणि ते गोठू देतात. शीतगृहातून काढलेल्या लादीला लगेच हत्यार लावलं किंवा तिच्यावर कोमट पाणी पडलं तर ती तडकते. ती बाहेर ठेवून शून्याजवळ येऊ द्यावी लागते. वरचा पांढुरका थर विरघळून आरपार दिसू लागलं की ती कोरायला तयार. हाच नियम मेजवानीच्या दिवशीही : शिल्प पाहुण्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी मांडलं तर ते येतात तेव्हा नितळ दिसतं. ओली जमीन आणि वीज एकत्र येत असल्याने कामाच्या जागी गळती-रोधक ब्रेकर हवाच. आणि हातमोजे.

संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्रांनी या धंद्याचा चेहरा बदलला आहे. लादीच्या सपाट फळीवर बोधचिन्ह अचूक कोरायचं, खाचांत बर्फाचा चुरा दाबून भरायचा म्हणजे त्या पांढऱ्या उठून दिसतात, वर पातळ बर्फाचा पडदा चढवायचा. काम वेगाने होतं आणि शंभर वेळा सारखं होतं. त्यातली कारागिरी मी नाकारत नाही. पण सपाट फळी म्हणजे सर्वांत जास्त पृष्ठभाग आणि सर्वांत कमी जाडी. बर्फाच्या गुणांच्या विरुद्ध जाणारा आकार. तिच्यात बर्फाचं खोलवर शिरणारं, वाकणारं तेज दिसत नाही, फक्त अक्षरं दिसतात. तीच अक्षरं ॲक्रिलिकवरही दिसली असती. यंत्राचा चांगला उपयोग मला दुसरीकडे दिसतो : जोडायच्या भागांचे अचूक सांधे कापणं, पोकळ पेले तासणं, आणि मग मुख्य आकार हाताने पुरा करणं.

बर्फाचं तेज प्रकाशातून येतं, आणि इथे एक साधा भौतिक नियम कारागिराच्या बाजूने आहे. बर्फाचा अपवर्तनांक १.३१ आहे, त्यामुळे खालून सोडलेला प्रकाश गुळगुळीत पृष्ठभागावरून पुन्हा पुन्हा आत परततो आणि जिथे खाच, कड किंवा खरखरीत भाग असेल तिथूनच बाहेर पडतो. म्हणजे उजळायला हवी ती रेघ खोल खोदायची, बाकी भाग घासून नितळ ठेवायचा. वरवरचे ओरखडे पहिल्या तासातच पुसले जातात. पंखावरची पिसं दीड-दोन सेंटिमीटर खोल असतील तरच शेवटपर्यंत दिसतात. दिवे एलईडीच हवेत, कारण जुने हॅलोजन स्वतःच बर्फ वितळवतात. पाण्यात रंग मिसळून गोठवलेला बर्फ मला कधीच भावला नाही. तो आरपार दिसत नाही आणि वितळला की टेबलक्लॉथ रंगवतो. एक सौम्य पांढरा आणि गरज असेल तर एखादा रंगीत दिवा पुरे. फुलं किंवा फळं बर्फात गोठवायची असतील तर ती एकदम पाण्यात टाकून चालत नाहीत, तरंगून वर येतात. थराथराने गोठवत न्यावी लागतात.

मांडणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. घडीच्या टेबलावर दीडशे किलो ठेवणं धोक्याचं आहे. खाली लोखंडी चौकट किंवा पक्का ओटा हवा. शिल्पाचा तिसरा भाग जरी वितळला तरी चाळीसेक लिटर पाणी निघतं. तेवढं सामावणारी परात, तिला नळी आणि नळीच्या टोकाला झाकलेली बादली, अशी सोय नसेल तर ते पाणी पाहुण्यांच्या पायांखाली जातं. शिल्प परातीत थेट न ठेवता लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवायचं, म्हणजे साचलेलं पाणी तळ खात नाही. एसीचा झोत, दरवाजा, तव्यावरच्या पदार्थांचे काउंटर आणि लहान मुलांच्या उंचीवरची जागा, या चारही गोष्टींपासून त्याला दूर ठेवावं.

अन्नाचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ मध्ये लागू झाला, कारण मासळी आणि वाहतुकीसाठीचा बर्फ सरबतांत पोहोचत होता. शिल्पाचा बर्फ कुठून आला हे विचारण्याचा यजमानाला पूर्ण हक्क आहे. पिण्याच्या पाण्याचा, स्वच्छ हत्यारांनी कोरलेला बर्फ असेल तरच त्यावर कोळंबी किंवा फळं थेट मांडावीत. शंका असेल तर एस्कॉफिएंची रीत बरी : अन्न स्वतंत्र भांड्यात, भांडं बर्फात. शिल्पातून कोरलेल्या नळीतून मद्य ओतून थेट ओठ लावून पिण्याचा जो खेळ पार्ट्यांत चालतो तो आरोग्याच्या दृष्टीने वाईट आहे. एकाच ओल्या बर्फाला वीस जणांचे ओठ लागू देऊ नयेत. हा प्रकार मेजवानीतून जावा, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

पाण्याबद्दलही बोलायला हवं. शंभर-सव्वाशे लिटर पाणी आणि ते गोठवायला लागणारी वीज एका संध्याकाळच्या शोभेसाठी जाते, तीही काही जिल्ह्यांत टँकर फिरत असताना. एका लग्नातल्या एकूण पाणीवापराशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे, पण तो सर्वांच्या डोळ्यांसमोर वितळतो. बादलीतलं पाणी नाल्यात न सोडता लॉनच्या झाडांना घालणं कॅटररला अजिबात अवघड नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिल्पाला काम द्यावं. जे शिल्प दोन तास सोलकढी, फळं किंवा मासळी थंड ठेवतं, त्याने आपलं पाणी कारणी लावलं.

राहिला प्रश्न शिकण्याचा. हॉटेल व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात थंड स्वयंपाकघराच्या भागात, लोणी, चरबी, मिठाचं पीठ आणि भाज्यांवरच्या कोरीव कामासोबत बर्फ कोरण्याचा धडा असतो. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ मध्ये सुरू झाली, म्हणजे ही शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण एका सत्रातल्या एखाद्या प्रात्यक्षिकाने हात बसत नाही. खरं शिक्षण मोठ्या हॉटेलांच्या गार्द माँजे, म्हणजे थंड स्वयंपाकघराच्या, विभागात वरिष्ठ कारागिराच्या हाताखाली होतं, आणि ज्यांच्या हातून ही कामं होतात त्यातल्या अनेकांची नावं आमंत्रितांना कधी कळत नाहीत. शिल्पाशेजारी कारागिराच्या नावाची पाटी ठेवण्याची पद्धत सुरू झाली तर मला आनंद होईल. संस्थांसाठी माझी सूचना याहून साधी आहे. विद्यार्थ्याचं शिल्प कोरून झाल्यावर परीक्षकांनी लगेच गुण देऊ नयेत. ते हॉलमध्ये नेऊन मांडावं, दिवे लावावेत, परात-नळी जोडायला सांगावी, आणि तीन तासांनी येऊन त्याला गुण द्यावेत.